सियगुतणिकेचे नाव आणि माझे नाव : जुन्नरच्या लेणीनगरीत एक दिवस

#थ्रेड #इतिहास #लेणी #जुन्नर

१/२०
जुन्या पुणे-मुंबई महामार्गावर देहूरोड आणि तळेगाव यांच्या दरम्यान घोरावडेश्वरचा डोंगर आहे. पायऱ्या चढून वर गेले की शेलारवाडीची लेणी लागतात. तिथे ब्राह्मी लिपीतील एका लेखात एका स्त्रीचे नाव कोरलेले आहे : सियगुतणिका. धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याची ती पत्नी. मुलगा नंद याच्यासह तिने हे लेणे दान केले. या गोष्टीला अठराशे वर्षे तरी नक्कीच झाली.

२/२०
त्याच डोंगरावर दुसऱ्या एका खोलीच्या भिंतीवर माझेही नाव आहे. सातवीत असताना कंपासपेटीतल्या कर्कटकाने मी ते कोरले होते. पुढे एम.ए.ला ब्राह्मी शिकले, सियगुतणिकेचा लेख वाचायला वर गेले आणि माझेच नाव समोर आले. लेखाच्या ओळींपासून ते दूर आहे, एवढेच माझे नशीब. दोन्ही नावे एकाच कातळात आहेत. मग तिचे नाव इतिहासाचे साधन आणि माझे नाव विद्रूपीकरण, असे का? या प्रश्नाचे नीट उत्तर मला जुन्नरला मिळाले. आजचा थ्रेड त्याविषयी.

३/२०
आधी आमच्या शहराविषयी दोन शब्द. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० सालची, महानगरपालिका १९८२ सालची. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली आला आणि त्यामागून औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. त्यामुळे ‘तुमच्याकडे कारखाने आहेत, इतिहास कुठे आहे?’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. चाकणचा उल्लेख निघाला तर १६६० चा संग्रामदुर्ग आणि फिरंगोजी नरसाळा यांच्यापर्यंत गोष्ट जाते आणि तिथेच थांबते.

४/२०
प्रत्यक्षात या पट्ट्याच्या भोवतीचे डोंगर कोरलेले आहेत. घोरावडेश्वर आहेच. इंदोरीजवळचा भंडारा आणि चाकण औद्योगिक वसाहतीला लागून असलेला भामचंद्र हे दोन्ही डोंगर आपण तुकोबांच्या एकांतसाधनेमुळे ओळखतो. त्यांच्या पोटातही लेणी आहेत. आणि नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असे साधारण ८०-८५ किलोमीटर गेले की जुन्नर येते. जुन्नर परिसरातल्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. महाराष्ट्रात एकाच गावाभोवती एवढी लेणी अन्यत्र नाहीत.

५/२०
सोबत बाबा होते. त्यांनी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात तीस वर्षे लेथ चालवली. ‘तुझी ती दगडातली अक्षरं एकदा दाखव तरी,’ असे ते बरेच दिवस म्हणत होते. रविवारी पहाटे निघालो. मोशीला इंद्रायणी, राजगुरुनगरला भीमा, कळंबजवळ घोड, नारायणगावला मीना ओलांडली आणि जुन्नरला कुकडीच्या खोऱ्यात पोहोचलो. शहराच्या उत्तरेस लेण्याद्री, पश्चिमेस शिवनेरी, दक्षिणेस मानमोडी आणि पश्चिमेकडेच थोडी दूर तुळजा लेणी, अशी या लेणीनगरीची ढोबळ मांडणी आहे.

६/२०
‘लेणीनगरी’ म्हणताना एक गैरसमज दूर करायला हवा. प्राचीन जुन्नरचे लोक गुहांत राहत नव्हते. नगर खाली खोऱ्यात होते. तिथे बाजार होता, कारागीर होते, घरे होती. डोंगरातली लेणी बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी आणि उपासनेसाठी होती. खोदकाम सुमारे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत चालले. म्हणजे खाली एक नगर आणि त्या नगराने आपल्या खर्चाने वर उभारलेली दुसरी, दगडाची वसाहत. या दोन्हींचे नाते समजले की जुन्नर समजते.

७/२०
पहिला मुक्काम लेण्याद्री. सुमारे तीनशे पायऱ्या चढून आपण गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातो ते मंदिर म्हणजे लेणे क्र. ७, मूळचा एक मोठा विहार. सतरा मीटरहून लांब सभागृह आणि त्यात आधाराला एकही खांब नाही. तिन्ही बाजूंना मिळून २० खोल्या. मागच्या भिंतीतील मधल्या खोल्यांच्या जागी आज गणपती आहे. अष्टविनायकांपैकी लेण्यात वसलेला हा एकमेव. भिक्षू गेले, काळ बदलला, पण जागेची पूजा थांबली नाही. घोरावडेश्वरलाही असेच घडले : ज्या दालनात स्तूप होता, तिथे आज शिवलिंग आहे.

८/२०
सभागृहात बाबा देवाला नमस्कार करून छताकडेच बघत राहिले. मग म्हणाले, ‘अगं, हे वरून खाली करत आले असणार. आधी खालचं केलं असतं, तर वरचा चुरा तयार कामावर पडला असता.’ मी पुस्तकात वाचलेली गोष्ट त्यांनी नुसत्या नजरेने सांगितली. लेणी खरोखरच वरून खाली खोदली जात. आधी छत पुरे करायचे आणि मग खाली उतरत जायचे; त्यामुळे उंचावरच्या कामासाठी परांची बांधावी लागत नसे. अर्धवट राहिलेल्या लेण्यांत हा क्रम स्पष्ट दिसतो. सह्याद्रीचा बेसॉल्ट कठीण असतो. छिन्नी आणि हातोडा एवढ्यावरच हे काम झाले आहे. बांधकामात चूक झाली तर वीट बदलता येते. खोदकामात ती सोय नसते.

९/२०
शेजारचे लेणे क्र. ६ हे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचे दालन. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, शेवटी स्तूप आणि वर कमानदार छत. छताला दगडातच फासळ्या कोरल्या आहेत. दगडाला त्यांची गरज नाही. लाकडी इमारतीत त्या आवश्यक असत. कारागिरांनी ओळखीचे लाकडी रूप दगडात उतरवले. इथे लेख आहे : कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याने हे चैत्यगृह दिले. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. आता विचार करा, कल्याणच्या माणसाने जुन्नरच्या डोंगरावर एवढा खर्च का केला असेल?

१०/२०
उत्तर आहे नाणेघाट. कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटातून वर चढे, जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठानकडे जाई. घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात यज्ञांतील दक्षिणेचे आकडे नोंदवलेले असून भारतीय अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. जुन्नर या वाटेच्या तोंडाशी वसलेले होते. चाकणला बनलेली वाहने आज घाट उतरून बंदराकडे जातात. माल बदलला, रस्ता बदलला. पण घाटमाथ्यावरचे गाव बंदराच्या जिवावर मोठे होते, हे गणित जुने आहे.

११/२०
दुपारी शिवनेरी. शिवरायांचे जन्मस्थान म्हणून आपण थेट गडावर जातो. त्याच डोंगराच्या कड्यांत लेण्यांच्या रांगा आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. इथले दानलेख वाचताना एखाद्या वसाहतीच्या सोयींची यादी वाचल्यासारखे वाटते. ‘यवन’ इरिल याने दोन पोढ्या दिल्या. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. ‘यवन’ चिट याने संघाला भोजनमंडप दिला. वीरसेनक नावाच्या प्रमुख गृहपतीने चैत्यगृह दिले आणि हेतू लिहिला : सर्व लोकांच्या हितसुखासाठी.

१२/२०
‘यवन’ हा शब्द त्या काळी ग्रीक आणि एकूणच पश्चिमेकडून आलेल्या लोकांसाठी वापरला जात असे. म्हणजे कुकडीच्या काठी परदेशी मुळाची माणसे होती. त्यांनी इथला धर्म स्वीकारला, इथल्या प्राकृतात लेख कोरवून घेतले आणि दान काय दिले, तर पाणी आणि जेवणाची जागा. परक्या गावातून येऊन इथे रुजलेल्या माणसांच्या शहरात मी वाढले. आमच्या चाळीत सोलापूरचे, बिहारचे, केरळचे शेजारी होते. त्यामुळे इरिलच्या दोन पोढ्या मला राजाच्या यज्ञापेक्षा अधिक जवळच्या वाटतात.

१३/२०
पोढ्यांपाशी थोडे थांबू. टाक्याचे तोंड लहान ठेवलेले असते आणि आतली पोकळी मोठी असते. त्यामुळे कचरा आणि ऊन कमी लागते. डोंगरावरून वाहणारे पावसाचे पाणी पन्हळींनी त्यात आणले जाई. भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे असा नियम होता. यालाच वर्षावास म्हणतात. पुढे वसाहती कायमच्या झाल्या. खोल्यांत झोपायला दगडी ओटे आणि उंबऱ्याशी लाकडी दाराची चौकट बसवण्याच्या खाचा अजून पाहता येतात. बाबांनी त्या खाचेवर बोट न ठेवता वरूनच माप घेतल्यासारखे केले.

१४/२०
उन्हे उतरताना मानमोडी. इथल्या भीमाशंकर गटात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. त्याने एक पोढी आणि एक मंडप दिला, वर्ष ४६. हे शक संवताचे वर्ष मानल्यास इ.स. १२४ येते. भूतलिंग गटातल्या चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीत गजलक्ष्मी कोरली आहे. तो दर्शनी भाग ‘यवन’ चंद याचे दान. आतले काम मात्र अपूर्ण राहिले. लक्ष्मी, बौद्ध चैत्य आणि यवन दाता या तिन्ही गोष्टी एका कमानीत आहेत. आपण आज ज्या भिंती गृहीत धरतो, त्या या कमानीला ठाऊक नाहीत.

१५/२०
आता मुख्य मुद्दा : पैसा. जुन्नरच्या लेखांत राजांपेक्षा व्यावसायिक अधिक भेटतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे. आडुथुम नावाच्या शक उपासकाने २० निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि ९ निवर्तने वडांसाठी लावून दिली. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातल्या लोकांची संघटना. तिला आजची कामगार संघटना किंवा कंपनी समजू नये. ती ठेवी घेत असे, व्याज देत असे आणि तिचा शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालेल असा लोकांचा विश्वास होता.

१६/२०
हे व्याज कसे चाले, याचा स्पष्ट हिशेब नाशिकच्या पांडवलेण्यांतील क्र. १० मध्ये आहे. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवले. २००० वर दरमहा शेकडा १ आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते. लेख सांगतो : वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. लोकांच्या तोंडी ही लेणी पांडवांची. आतल्या भिंतीवर मात्र विणकरांचा जमाखर्च.

१७/२०
‘पांडवांनी एका रात्रीत खोदली’ ही कथा माझ्या आजीनेही सांगितली होती, आणि कथा म्हणून ती मला प्रिय आहे. पण ती खरी मानली तर सुलसदत, इरिल, वीरसेनक आणि सियगुतणिका यांचे श्रेय आपण हिरावून घेतो. छिन्नी चालवणाऱ्या कारागिरांची नावे तर आधीच बहुतेक हरवली आहेत. ही अक्षरे शतकानुशतके कोणालाच वाचता येत नव्हती. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी डोंगर-डोंगर फिरून ठसे घेतले, वाचने केली. १८८१ साली बर्जेससोबत पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले. तेव्हा कुठे ही माणसे पुन्हा बोलू लागली.

१८/२०
आता सियगुतणिकेकडे परत येऊ. तिच्या लेखातले तीन शब्द पाहा. ‘लेण’ : आपण आजही लेणे म्हणतो, शब्द बदललाच नाही. ‘कुडुबिक’, म्हणजे कुटुंबिक, शेती करणारा गृहस्थ : ‘कुणबी’ या शब्दाचे मूळ अनेक अभ्यासक इथे पाहतात. आणि तिसरा ‘देयधम’, म्हणजे धर्म म्हणून दिलेले दान. जुन्नरच्या दानलेखांतही हा शब्द वारंवार येतो. नाव एकटे येत नाही. नावाआधी गाव येते, व्यवसाय येतो, आणि शेवटी काय दिले ते येते : खोली, टाके, मंडप, झाडे.

१९/२०
परतताना चाकणच्या कोंडीत गाडी अडकली होती, तेव्हा बाबा म्हणाले, ‘आपल्या कॉलनीच्या देवळाच्या फरशीवर माझं नाव आहे बघ. पाचशे एक रुपये. पगार तेव्हा किती होता!’ मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. बाबांचे नाव आणि सियगुतणिकेचे नाव एका जातीचे आहे. मी सातवीत कोरलेले नाव त्या जातीचे नाही. त्याच्यापुढे काहीच दिलेले नाही. उलट मी दुसऱ्याच्या दानातला थोडा दगड खरवडून घेतला. ते नाव मला पुसायचे होते, पण घासून काढायला जाणे म्हणजे आणखी एक जखम. म्हणून ते तसेच राहील. धाकट्या भावंडांना वर नेते, तेव्हा आधी ते दाखवते आणि मग सियगुतणिकेचे.

२०/२०
तुम्ही जाणार असाल तर : जुन्नरसाठी दोन दिवस ठेवा आणि तुळजा लेणी चुकवू नका, तिथले वर्तुळाकार चैत्यगृह बारा अष्टकोनी खांबांवर उभे आहे. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. आरडाओरडा, धूर, अत्तर टाळा. अक्षरांवर खडू, पाणी किंवा हात फिरवू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात ती आपोआप उठून दिसतात. केंद्रीय संरक्षित स्मारकावर नाव कोरणे हा गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. आणि आमच्या पट्ट्यातले असाल, तर सुरुवात घोरावडेश्वरपासून करा. महामार्गावरून रोज दिसणाऱ्या त्या डोंगरावर एका शेतकरी बाईने आपल्या मुलासह लेणे दिले आहे. तिचे नाव एकदा मोठ्याने वाचा.

पुढचा थ्रेड नाणेघाटावर. चूक आढळल्यास जरूर सांगा, दुरुस्ती करेन. 🙏